सुझन वॉर्नरचं ‘द वाइड, वाइड वर्ल्ड’: घ्यायचं तर शेवटच्या प्रकरणासकट

अमेरिकेतल्या १८३७च्या आर्थिक पडझडीत सुझनच्या वडिलांचा पैसा बुडाला, न्यूयॉर्कमधलं ऐश्वर्य गेलं आणि वॉर्नर कुटुंब हडसन नदीतल्या कॉन्स्टिट्यूशन बेटावर येऊन राहिलं. घरात पैसा यावा म्हणून सुझनने ही कादंबरी लिहिली. पुढे ती समोरच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या कॅडेटना बायबल शिकवायची. १८५०च्या अखेरीस एलिझाबेथ वेदरेल या टोपणनावाने पुस्तक आलं आणि दोन वर्षांत त्याच्या १४ आवृत्त्या निघाल्या.

आजारी आई परदेशी निघते, लहानगी एलन खेड्यात फॉर्च्युन आत्याकडे जाते, एवढंच कथानक. पण सुरुवातीची खरेदी वाचाच. आई बोटातली अंगठी विकते आणि लेकीला बायबल घ्यायला नेते. मोठं की लहान, काळं, निळं, जांभळं की लाल, कडीचं की बिनकडीचं, यात एलन हरवून जाते. नंतर लिहिण्याची पेटी, कागद, लाखेच्या कांड्यासुद्धा. ताटातूट अजून व्हायचीय, तरी गळा इथेच दाटून येतो. पुढे आत्या तिचे पांढरे मोजे मळखाऊ रंगात रंगवून टाकते, आईचं पत्र दाबून ठेवते. रडू आणण्याची वॉर्नरची ताकद अशा घरगुती तपशिलांत आहे.

उणं आहे ते उपदेशात. एलनला जीव लावणारी अ‍ॅलिस आणि जॉन ही भावंडं आली की पानंच्या पानं शिकवण चालते. जॉनची शिस्त तर आज जाचक वाटते. तरी ती पानं गाळू नका. स्कॉटलंडमधले नातेवाईक जॉनने दिलेलं पुस्तक काढून घेतात, तेव्हा एलन का मोडत नाही ते त्या पानांशिवाय कळत नाही.

फुकट हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर आहे, पण जुन्या छापील प्रतींसारखाच त्याचा शेवट घाईघाईत उरकलेला आहे. वॉर्नरने लिहिलेलं अखेरचं प्रकरण तेव्हा छापलंच नव्हतं. ते फेमिनिस्ट प्रेसच्या १९८७च्या आवृत्तीत आहे, शिवाय समीक्षक जेन टॉम्पकिन्स यांचा लेखही. पैसे टाकायचे तर त्याच प्रतीवर. जॉनशी लग्न होऊन आलेल्या एलनला त्या प्रकरणात स्वतःची सुंदर खोली मिळते, आणि तिथे जायची वाट जॉनच्या अभ्यासिकेतून आहे.