पणजीच्या बागांत तीन तासांचं श्रमदान: सहलीच्या गटाने घ्यावं का?

गोव्याला दहा-पंधरा जणांचा गट घेऊन येणाऱ्यांना हल्ली हॉटेलवाले, सहल-संयोजक, कधी सोसायटीतलंच कुणी उत्साही माणूस 'एक सकाळ बागेसाठी' असं काहीतरी सुचवतं. सकाळी तीन तास पणजीतल्या एखाद्या सार्वजनिक उद्यानात काम, मग भाजी-पाव, आणि दुपारपासून पुन्हा समुद्र. कल्पनेत खोट नाही. पण या एकाच नावाखाली तीन निरनिराळी कामं गळ्यात पडतात: वृक्षारोपण, कचरावेचणी आणि झाडांची निगा. यातलं पहिलं सहलीच्या दिवसांत बहुतेक वेळा वाया जातं, दुसरं ठीकठाक असतं, आणि तिसरं, ज्याचा फोटो सगळ्यात वाईट येतो, ते खरं घेण्यासारखं.

वृक्षारोपणाचं गणित साधं आहे. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. सहलींचा भर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात लावलेल्या रोपापुढे सहा कोरडे महिने असतात आणि त्याच्या मुळांनी अजून खड्डाही ओलांडलेला नसतो. खाली जांभा, म्हणजे इथला लाल टणक दगड, असेल तर ती पुढे सरकायलाही वेळ लागतो. संयोजकाला एकच विचारा: पाणी कोण घालणार, किती, आणि कधीपर्यंत? 'आठवड्यातून दोनदा, झाडामागे 15 ते 20 लिटर, पाऊस धरेपर्यंत, अमुक माळी घालणार' असं उत्तर आलं तर हरकत नाही. 'बागेचे लोक बघतील' असं आलं तर ते रोप मार्चअखेरीस काडी झालेलं असणार. नावाची पाटी तेवढी टिकते.

पावसाळ्यात येणाऱ्या गटाने मात्र रोपं जरूर लावावीत. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. दोन-दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा आधीच काढून ठेवलेला हवा, कारण जांभ्यात नवख्या माणसाला असा एक खड्डा खणायला दीड तासही पुरत नाही. इथे होणारी नेहमीची चूक वेगळीच आहे. जांभ्यात कोरलेल्या खड्ड्याच्या भिंती आणि तळ टणक असतात, त्यामुळे जुलैत त्याचं टाकं होतं, पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून तळ पहारीने फोडून घ्यायचा, आणि माती बसल्यावरही रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच राहील इतका भर द्यायचा. पिशवी उभी चिरून पूर्ण काढायची. 'मुळं हलतील' म्हणून ती तशीच पुरणारे अजूनही भेटतात. खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच नव्या जागी मातीत जाऊ द्यायचं. काठीला बांधताना सुतळीचा आठाच्या आकड्यासारखा सैल फास घालायचा, नायलॉनची दोरी वापरायची नाही. ती वर्षभरात सालीत रुतते.

आता निगा. थंडीत आलेल्या गटाला देण्याजोगं उत्तम काम म्हणजे आळी (खोडाभोवती पाणी धरणारे गोल वाफे) करणं आणि पातेऱ्याचं, म्हणजे गळलेल्या पानांचं, आच्छादन घालणं. पावसाळ्यानंतर बागेतली माती पायांखाली इतकी दबते की घातलेलं पाणी वाहून वाटेवर जातं. खोडापासून हातभर अंतराच्या पट्ट्यात माती फक्त दोन-तीन इंच भुसभुशीत करायची, कारण पोषण घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. कुदळीने खोल खणणारा जोरदार गडी इथे नुकसान करतो, त्याच्या हाती खुरपं द्यावं. कडेने चार बोटं उंच बांध घालायचा आणि आत तीन इंच जाड सुका पातेरा पसरायचा. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडायची. खोडाला टेकवून ढीग रचला की साल सतत ओली राहते, बुरशी आणि वाळवी दोन्ही येतात. असा डोंगर रचलेला दिसला तर समजावं की देखरेख करणाऱ्याला काम ठाऊक नाही.

मापं अशी. एका मीटरभर व्यासाच्या आळ्याला साधारण चार घमेली पातेरा लागतो, म्हणजे एका भरलेल्या गोणपाटात दोन झाडं होतात. दोघांच्या जोडीला एका आळ्यासाठी अर्धा तास. बारा जणांचा नवखा गट पाणी पिणं, फोटो काढणं, सावलीत बसणं धरून तीन तासांत 15 ते 20 झाडं नीट करतो. कुणी शंभर झाडांचा आकडा सांगितला तर ती नुसती पातेरा टाकण्याची मोजणी आहे. बारा जणांमागे आठ खुरपी, दोन कुदळी, एक पहार, चार घमेली, दोन दाताळी आणि आठ-दहा गोणपाटं पुरतात. हातमोजे मात्र प्रत्येकाला हवेत, आणि ते रबर लावलेल्या तळव्याचे. नुसते विणलेले पांढरे मोजे काचेपुढे काही कामाचे नाहीत.

याच सकाळी झाडांचे खिळे काढण्याचं कामही होऊ शकतं. जाहिरातींच्या पाट्या जातात, खिळे राहतात. हातोड्याच्या चिमट्याखाली लाकडाचा तुकडा ठेवूनच ओढायचं, नाहीतर साल चिरडते. अर्धा खिळा सालीने गिळला असेल तर तो तसाच सोडावा. काढलेल्या भोकात सिमेंट, मेण, हळद काहीही भरायचं नाही, झाड जखम आपली आपण बंद करतं. फांदी तोडण्याला तर हातच लावू नये. गोव्यात 1984 पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे आणि झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 'थोडीशी छाटणी' सुचवणारा संयोजक गटाला अडचणीत टाकतोय.

कंपोस्टचं काम पावसात भिजायची सवय नसलेल्या, पण मातीत हात घालायला तयार असलेल्या गटासाठी. मीटरभर लांब, रुंद आणि उंच असा जाळीचा पिंजरा, त्यात वीतभर पातेरा, दोन बोटं हिरवं गवत, मूठमूठ जुनं खत, वरून पाच-सहा लिटर शेणकाल्याचं पाणी, आणि पुन्हा तोच क्रम. सुक्याचे तीन भाग, ओल्याचा एक. मूठ आवळली की बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. ढीग मीटरपेक्षा लहान असेल तर आत ऊब धरत नाही. वास येऊ लागला तर हवा कमी पडतेय, ढीग उलटावा. मुंग्या झाल्या तर तो कोरडा पडलाय. माडाच्या झावळ्या आणि सुरूचा पातेरा यात टाकू नयेत, झावळीचा देठ वर्षभर तसाच राहतो. त्यांची वेगळी रास हवी.

एक गोष्ट इथल्या बागांत विशेष पाहावी लागते आणि बाहेरून येणाऱ्यांना कुणी ती सांगत नाही. खताचा ढीग उलटताना अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या तर त्या गेंडा भुंग्याच्या असू शकतात. हा भुंगा कुजलेल्या शेणखतात आणि पातेऱ्यात वाढतो आणि मोठा झाला की माडाच्या शेंड्यात शिरून कोवळं पान कुरतडतो. पुढे ते पान उलगडलं की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. ज्या बागेत किंवा शेजारच्या परसात माड आहेत तिथे खताची रास महिन्यातून एकदा उलटून अळ्या वेचल्या गेल्याच पाहिजेत. 'खत कधी उलटता?' या प्रश्नाच्या उत्तरावरून बागेची व्यवस्था कळते.

कचरावेचणी सोपी आहे, म्हणूनच ती ढिसाळ होते. पणजी शहरात कचरा वेगवेगळा करूनच दिला जातो, सगळं एका काळ्या पिशवीत कोंबून गट निघून गेला तर सफाई कामगारांना ते पुन्हा उपसावं लागतं. चार गोण्या वेगळ्या ठेवा: काच, प्लॅस्टिक, धातू, उरलेलं. फुटलेल्या बाटल्या गोणीत टाकू नयेत, त्यासाठी पत्र्याचा डबा हवा. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात गरजेचं म्हणजे करवंट्या, शहाळी आणि प्लॅस्टिकचे पेले. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो. करवंट्या पालथ्या घालून भागत नाही, त्या उचलायच्याच.

तण काढणं नवख्यांना देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच: जमिनीवर सरपटणारी, पिवळ्या फुलांची वेडेलिया. ती ओळखायला सोपी आणि उच्छाद मोठा. पण तिचा प्रत्येक पेर मुळं धरतो, म्हणून ती खतात टाकली की खताबरोबर सगळ्या बागेत जाते. काळ्या पिशवीत बांधून काही आठवडे उन्हात ठेवली की मरते. घाणेरीचं झुडूप कापून उपयोग नाही, बुंध्याच्या मुळाचा जमिनीखालचा दोन-तीन बोटांचा भाग कुदळीने तोडून ते उलटं टाकायचं. मिरामारकडे गेलात तर वाळूवर पसरलेली, आपट्यासारख्या पानांची, जांभळ्या फुलांची वेल उपटू नका. ती मर्यादवेल. वाळूची टेकडी तिनेच धरून ठेवली आहे.

जागांविषयी. चर्च चौकातली गार्सिया द ओर्ता बाग देखणी आणि मधोमध. ज्याच्या नावाने ती आहे तो वैद्य इथल्या औषधी वनस्पतींवर लिहून गेला, आणि ते पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. पण श्रमदानासाठी ही बाग लहान आणि बरीचशी फरसबंद. सहा जणांना दोन तास पुरेल एवढंच काम, त्यामुळे वडीलधारे आणि मुलं असलेल्या गटाला ती सोयीची. 8 डिसेंबरच्या फेस्ताच्या आसपास समोरच्या चर्चची गर्दी असते, तेव्हा टाळावी. कांपालची मांडवीकाठची बाग मोठ्या गटाला योग्य: सावली भरपूर, पातेरा तिथल्या तिथे. मात्र नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत तो सगळा परिसर गजबजतो, ट्रॅव्हलर उभी करायलाही जागा मिळत नाही. आल्तिन्योचा जॉगर्स पार्क टेकडीवर, माती पातळ, जांभा वर आलेला. तिथे आच्छादनाची सर्वांत जास्त गरज, पण घाम दुप्पट. दगड हाताने उचलू नयेत, आधी काठीने किंवा पहारीने हलवावेत. जांभ्याच्या फटी फुरशाच्या, या विषारी सापाच्या, आवडीच्या. दंश झालाच तर चोखणं, कापणं, आवळून बांधणं काही न करता तो हात किंवा पाय न हलवता 108 ला फोन करून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं.

ठरवताना लेखी परवानगीचा कागद बघायला मागा. सगळ्या बागा एकाच खात्याच्या ताब्यात नसतात, आणि 'माझी ओळख आहे' ही परवानगी नव्हे. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत घेतलेलं असलेलं बरं. वेळ साडेसहा ते साडेनऊ. त्यानंतर दमट उन्हात काम होत नाही, नुसती रेटारेटी होते. कपडे पूर्ण बाह्यांचे, बूट बंद. आंब्याखाली काम असेल तर पँटचे पाय मोज्यात खोचावेत, हुमले (झाडावरच्या लाल मुंग्या) चावले की गट पांगतो. गॅसची शेगडी आणून बागेतच नाश्ता करायचा बेत असेल तर तो सोडा. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला किंवा दारू पिण्याला दंड आहे; 2019 साली तो माणशी 2,000 आणि गटाला 10,000 रुपये ठरला होता, पुढे वाढवला गेला.

गुडघे धरलेल्या मंडळींसाठी रोपवाटिकेत पिशव्या भरायचं बैठं काम मागून घ्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग खत. पिशवी आपटून, तळाच्या कोपऱ्यांत सुरकुती न ठेवता भरायची, नाहीतर मुळं तिथेच गुंडाळतात. वर दोन बोटं जागा पाण्यासाठी. एक माणूस तासाला चाळीसेक पिशव्या भरतो, आणि जानेवारीत भरलेली ती पिशवी जूनमध्ये खरोखर जमिनीत जाते.

गुण द्यायचेच तर थंडीतल्या वृक्षारोपणाला पाचपैकी एक, कचरावेचणीला तीन, आळी-आच्छादन आणि पिशव्यांना साडेचार. अर्धा गुण माळ्यासाठी राखून ठेवलाय. संयोजकाने घेतलेल्या पैशांतून त्या सकाळी बागेच्या माळ्याला जादा कामाचे काही मिळतं का, हे विचारून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम भरा.