गोधडी कशाची: जुन्या लुगड्यांची की स्वेटरची?

पुतणीकडे आजीची लुगडी आहेत आणि पेटीभर जुने स्वेटरही. गोधडी कशाची शिवू, म्हणते.

शिवायला लुगडंच सोपं: थर अंथरायचे, धावदोरा घालत जायचं. स्वेटर ताणला जातो, कापला की उसवतो. अस्सल लोकर आधी गरम पाण्यात धुऊन आटवली तर उसवत नाही. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर, तशी आटत नाही. एक धागा जाळून बघ: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, अ‍ॅक्रिलिकची कडक गोळी होते. लोकर आणि अ‍ॅक्रिलिक एकत्र नकोच, धुतल्यावर चुण्या पडतात.

ऊब लोकरीची जास्त, पण कसर लागते. सुती गोधडी खुशाल धुवावी, उन्हात टाकावी.

बाळाला, रोजच्या वापराला लुगड्याचीच शिव. महाबळेश्वरसारख्या थंडीत मात्र लोकरीची, आतून सुती अस्तर लावून.