खालचा हॉल, वरचा हॉल : फोंड्यातील एका रेस्टॉरंटचा अनुभव

माझा भाचा सावंतवाडीहून गोव्यात शिकायला आला आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की त्याच्यासाठी कायदाच बदलतो. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, गोव्यात १८ पुरतात. वीस वर्षांच्या त्या भाच्याला आणि त्याच्या सहा समवयस्क मित्रमैत्रिणींना घेऊन मी फोंड्यातील एकाच रेस्टॉरंटमध्ये महिन्याभरात दोनदा गेलो, एकदा दुपारी तळमजल्यावर आणि एकदा रात्री वरच्या एसी हॉलमध्ये.

खालच्या हॉलबद्दल तक्रारीला जागा नाही. बांगड्याच्या हुमणात तिरफळाचा वास नेमका उतरला होता, सुक्या सुंगटांची किसमूर कुरकुरीत होती आणि सोलकढी मागू तेवढी वाढली गेली. आजूबाजूला लेकराबाळांसह जेवणारी कुटुंबे होती. आमच्यातील दोघांनी एक बिअर मागवून वाटून घेतली, त्याकडे बाकीच्यांचे लक्षही गेले नाही आणि गप्पा परीक्षेपासून गावच्या जत्रेपर्यंत रंगल्या.

वरच्या हॉलमध्ये हीच मुले वेगळी वाटली. तेथे अंधूक निळा उजेड आणि शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येऊ नये इतके मोठे संगीत असते, मेनूकार्डात आधी चार पाने मद्य आणि मग जेवण येते, सोलकढीचा तर त्यात उल्लेखच नाही. बिअर पिचरनेच घ्यावी लागते आणि आठ वाजेपर्यंत दोन कॉकटेलवर एक फुकट मिळते. एका मुलीने लिंबू सोडा मागितला, तेव्हा वेटरने अगदी आपुलकीने विचारले, "बरें ना काय?" त्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण त्या हॉलमध्ये न पिणाऱ्याला प्रकृतीचे कारण द्यावे लागते, हे तिला तेवढ्यावरून कळले आणि तिने सोडा रद्द करून कॉकटेल सांगितले.

एरवी अबोल असलेला एक मुलगा दुसऱ्या ग्लासानंतर टेबलावर ताल धरून गाऊ लागला. बिल आले, तेव्हा त्याने घेतलेली दोन्ही पेये पुदिना घातलेली साधी सरबते निघाली. वेटरची गल्लत झाली होती आणि मुलाच्या पोटात मद्याचा थेंबही गेला नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना व्होडका असल्याचे सांगून नुसते टॉनिक वॉटर दिले होते; लोक किती पितात हे ग्लासात काय आहे यापेक्षा काय आहे असे त्यांना वाटते यावर ठरते, असे त्यांना आढळले. वाचलेले ते सारे मला त्या बिलावर दिसले.

परतताना टॅक्सीत मी मुलांना विचारले, तेव्हा सातांपैकी चौघांनी सांगितले की आपण प्यायलो नाही तर इतरांचा विरस होईल, असे त्यांना वाटत होते. हे चौघे एकमेकांच्या शेजारीच बसले होते. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांबद्दल हेच मांडले होते: सोबत्यांना पिणे जितके मान्य असते, त्याहून अधिक मान्य आहे असे प्रत्येकजण धरून चालतो.

स्वयंपाकघर एकच असल्यामुळे वरचे जेवणही उत्तम आहे, सेवा तत्पर आहे आणि सरबताची चूक व्यवस्थापकांनी लगेच मान्य केली. तरीही महाविद्यालयीन मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तळमजल्यावरचेच टेबल सांगून ठेवावे. अभिप्रायाच्या वहीत मी दोन विनंत्या लिहून आलो आहे: वरच्या कार्डाच्या पहिल्या पानावर सोलकढी आणि लिंबू सोडा छापावा, आणि सोडा मागणाऱ्याला फक्त गोड की खारा एवढेच विचारावे.