टीव्हीच्या बोर्डवरचा रेग्युलेटर खरंच गेलाय का: ओम, व्होल्ट की इंजेक्शन, आधी काय करायचं

एलईडी टीव्ही डेड आहे, किंवा लाल लाइट लागते पण पुढे काहीच होत नाही, आणि मेनबोर्डवर कुठलातरी सप्लाय नीट येत नाहीये, म्हणजे तो ठरावीक व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर गेलाय असा संशय आहे, तर तपासायचे तीन रस्ते आहेत. सेट बंद ठेवून मीटरने ओम बघायचे, सेट चालू करून व्होल्ट मोजायचे, किंवा बेंच सप्लायमधून (टेबलावरचा, व्होल्ट आणि करंट कमी-जास्त करता येणारा सप्लाय) त्या लाइनला बाहेरून करंट देऊन कोणता पार्ट गरम होतोय ते शोधायचं, यालाच इंजेक्शन म्हणतात. शिकायला लागलेली बहुतेक मुलं थेट व्होल्टवर जातात, ३.३ च्या जागी ०.४ दिसलं की रेग्युलेटर काढून नवीन टाकतात आणि नवीनवरही तेच ०.४ येतं, कारण बिचारा रेग्युलेटर चांगलाच होता, पुढचा लोड, म्हणजे त्या लाइनवर चालणारे पार्ट, त्याला खाली ओढत होता. व्होल्टचा एकटा आकडा दोष कोणाचा हे सांगत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ओम, मग व्होल्ट, आणि इंजेक्शन फक्त शॉर्ट सापडला तरच.

पण त्याआधी समोर कुठल्या जातीचा रेग्युलेटर आहे ते ओळखा, कारण दोघांची तपासणी वेगळी आहे. पहिला लिनियर, जास्तीचे व्होल्ट उष्णता करून घालवणारा, म्हणजे आपला तीन पायांचा १११७. याचा वरचा रुंद पत्रा म्हणजे आउटपुट. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतल्या ७८०५ चा पत्रा ग्राउंड असतो, त्यामुळे ज्यांचा हात तिथे बसलाय ते १११७ च्या पत्र्यावर ३.३ व्होल्ट बघून किंवा तिथे ग्राउंड लागत नाही म्हणून गोंधळतात. दुसरी गोष्ट, १११७ ला आउटपुटपेक्षा साधारण १.१ ते १.३ व्होल्ट जास्त इनपुट लागतं. आउटपुटला २.८ येतंय म्हणून तो बदलायला निघाला असाल तर आधी इनपुट बघा, तिथे ५ च्या जागी ४ असेल तर दोष मागच्या ५ व्होल्टच्या लाइनमध्ये आहे. आणि तो गरम होतो म्हणूनही लगेच काढू नका, ५ मधून ३.३ करताना अर्धा अँपिअर करंट असेल तर ०.८५ वॉट उष्णता त्याच्या अंगावर पडतेच.

दुसरी जात बक कन्व्हर्टर, वेगाने चालू-बंद होऊन व्होल्ट कमी करणारा, सहा किंवा आठ पायांचा छोटा आयसी आणि शेजारी कॉइल. १२ व्होल्टमधून ५, ३.३, रॅमसाठी १.५ आणि प्रोसेसरच्या कोअरसाठी एक-सव्वा व्होल्ट बनवायचं काम बहुतेक हाच करतो. याची डेटाशीट मोबाइलवर उघडून ठेवा आणि इनपुट, इनेबल (आयसीला चालू करणारा पाय), फीडबॅक (आउटपुट किती आहे ते आयसीला कळवणारा पाय) आणि कॉइलच्या पलीकडचं आउटपुट एवढं मोजा. इनपुट आहे पण इनेबल लो आहे तर आयसी झोपलाय कारण त्याला कोणी उठवलंच नाही, तिथे आयसी बदलून काही होणार नाही. फीडबॅकचा आकडा आयसीप्रमाणे ठरलेला असतो, कुठे ०.६, कुठे ०.८, कुठे ०.९२५, तो बरोबर येतोय आणि आउटपुट मात्र चुकीचं आहे तर फीडबॅकच्या दोन रेझिस्टरपैकी एकाची व्हॅल्यू सरकली आहे, आणि हा फॉल्ट लोक फार वेळा सोडून देतात. इनपुट आहे, इनेबल हाय आहे, पुढे शॉर्ट नाही आणि तरी आउटपुट शून्य, तर स्विच (कॉइलला जोडलेला) आणि बूट (डेटाशीटमध्ये बीएसटी किंवा बूट लिहिलेला) या पायांमधला छोटा कपॅसिटर बदलून बघा आणि मग आयसीवर या.

आता तिन्ही पद्धती समोरासमोर ठेवू.

ओमची पद्धत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित. प्लग काढा, पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर डिस्चार्ज झालाय याची मीटरनेच खात्री करा, कारण २३० व्होल्टवर त्याच्यात ३२५ च्या आसपास डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच बसून असतं. मग प्रत्येक कॉइलच्या आउटपुट बाजूला ग्राउंडशी ओम घ्या. इथे मोठा फसवा भाग म्हणजे बीप. कंटिन्यूटीवर मीटर तीस-पन्नास ओमच्या खालीच वाजायला लागतं आणि कोअरची लाइन चांगल्या बोर्डवरही काही ओमच दाखवू शकते, म्हणजे प्रोसेसर ठणठणीत असतानाही मीटर वाजणार आणि तुम्ही शॉर्ट म्हणून बोर्ड बाजूला टाकणार. म्हणून २०० ओमच्या रेंजवर आकडा वाचा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरचा आकडा वजा करा. ३.३ किंवा ५ च्या लाइनवर एक-दोन ओम आले तर तो शॉर्टच धरा. कोअरच्या लाइनवर मात्र तसाच चांगला बोर्ड हाताशी असेल तरच ठाम बोला, म्हणून मी दुरुस्त झालेल्या प्रत्येक बोर्डाचे आकडे वहीत लिहून ठेवतो. या पद्धतीची मर्यादा अशी की शॉर्ट नसलेले फॉल्ट हिला दिसतच नाहीत, आतून तुटलेला (ओपन) आयसी, सुकलेला कपॅसिटर, गरम झाल्यावर बंद पडणारा रेग्युलेटर, सगळे हिच्यासमोर पास होतात.

तिथून पुढे व्होल्ट. काळा प्रोब ट्यूनरच्या पत्र्यावर किंवा मेनबोर्डच्या स्क्रूच्या गोलावर लावा, पॉवर सप्लायच्या प्रायमरी, म्हणजे मेन्सच्या बाजूच्या ग्राउंडवर कधीच नाही, ते ग्राउंड वेगळं आहे, आकडा चुकेल आणि जिवालाही धोका आहे. स्टँडबायमध्ये कोअर आणि रॅमच्या लाइन बंद असणं बऱ्याच सेटमध्ये नॉर्मल आहे, त्यामुळे लाल लाइटवर मोजून शून्य आलं म्हणून काही सिद्ध होत नाही, सेट ऑन करताना मोजा. आकडा सारखा वर-खाली उडत असेल, ०.३, ०.७, परत शून्य, तर बक आयसी पुढे ओव्हरलोड बघून बंद-चालू होतोय, पुन्हा ओमकडे जा आणि लोड बघा. वीस मिनिटांनी बंद पडणारा सेट पकडायला तर ही एकच पद्धत आहे, लाइनवर वायर सोल्डर करून मीटर लावून ठेवायचं आणि बंद पडताना आधी कोण पडतं ते बघायचं. मीटरला एक गोष्ट जमत नाही, रिपल, म्हणजे डीसीवर राहिलेला बारीक चढ-उतार. बक आयसी सेकंदाला काही लाख वेळा स्विच होतो, त्या वेगावर साध्या मीटरची एसी रेंज भरवशाची नाही आणि डीसीवर तर ३.३ सुंदर दिसतं आणि सेट मात्र लोगोवर अडकतो. स्कोप (ऑसिलोस्कोप) असेल तर उत्तम, नसेल तर आउटपुटच्या कपॅसिटरला तेवढ्याच व्हॅल्यूचा चांगला लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर पॅरलल लावा, सेट पुढे गेला तर उत्तर मिळालं.

इंजेक्शन हे सगळ्यात झटपट उत्तर देतं आणि नुकसानही तेच करतं, त्यामुळे ओमवर शॉर्ट सिद्ध झाल्याशिवाय सप्लायच्या वायरला हात लावू नका. आधी कॉइलचं एक टोक उचला. शॉर्ट आयसीच्या बाजूला राहिला तर आयसी दोषी, इंजेक्शनची गरजच संपली. शॉर्ट लोडच्या बाजूला राहिला तर तिथे एक व्होल्टपासून सुरुवात करा, करंट लिमिट एक अँपिअर, मग हळूहळू दोन-तीन, आणि व्होल्टेज त्या लाइनच्या नेहमीच्या आकड्यापलीकडे न्यायचंच नाही. बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरवा, जिथून ते आधी उडालं तिथे शॉर्ट आहे. सिरॅमिक कपॅसिटर निघाला तर दोन रुपयांत काम झालं, पण प्रोसेसर गरम होत असेल तर तो बोर्ड सोडून द्या. कोअरच्या लाइनवर मी ही पद्धत सहसा वापरत नाही, चांगला प्रोसेसरही तिथे करंट खातो आणि गरम होतो, मग निष्कर्ष काय काढणार.

दोष सापडला की पुढचा निर्णय बदलायचं काय. १११७ असेल तर विचारच करायचा नाही, तोच टाका, फक्त मार्किंग नीट वाचा. लॅमिंग्टन रोड असो की पुण्याचं बुधवार पेठेतलं मार्केट, सुटा घेताना ३.३ च्या जागी अ‍ॅडजस्टेबल हातात आला तर पहिला पाय ग्राउंडला असल्यामुळे १.२५ च येणार. बक आयसी त्याच नंबरचा मिळाला तर हॉट एअरने तोच बसवा. मिळत नसेल तर लोक एमपी१५८४ किंवा एलएम२५९६ चं तयार मॉड्यूल लावतात, ५ व्होल्टसाठी मला ते मान्य आहे, जोडण्याआधी व्होल्टेज सेट करून, वायर आखूड ठेवून. कोअर आणि रॅमसाठी अजिबात नाही, इनेबलची वायर जोडली नाही तर सप्लाय चुकीच्या क्रमाने येतो, आणि मॉड्यूलवरचा व्होल्ट ठरवणारा छोटा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) जरासा हलला तरी प्रोसेसर जाणार.

एका केसमध्ये मात्र दुरुस्तीवर पैसे घालवू नका. बक आयसीच्या आतला वरचा स्विच (इनपुट आणि कॉइलमधला) शॉर्ट झाला की इनपुटचं १२ व्होल्ट सरळ एक-सव्वा व्होल्टच्या लाइनवर जातं, नवीन आयसी टाकून आकडा परफेक्ट येईल पण प्रोसेसर परत येत नाही. इनपुट आणि कॉइलमध्ये शून्य ओम आणि कोअर ग्राउंडला शॉर्ट असं दोन्ही मिळालं तर गिऱ्हाइकाला तिथेच स्पष्ट सांगा. त्याच मॉडेलचा जुना बोर्ड मिळाला तर तो पहिला पर्याय, कारण व्ही५९ सारखा युनिव्हर्सल बोर्ड टाकला की स्मार्टची सोय जाते, रिमोट बदलतो, पॅनेलप्रमाणे सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि त्यावरचा ३.३, ५, १२ चा जंपर पॅनेलच्या डेटाशीटशी न जुळवता लावला तर पाच व्होल्टच्या पॅनेलवर १२ जाऊन उरलेला टीव्हीही संपतो.

सामान घेताना पैसे मोजकेच असतील तर २०० ओम आणि डायोड रेंजचं बरं मीटर, अल्कोहोलची बाटली आणि हॉट एअर आधी घ्या, करंट लिमिटचा बेंच सप्लाय त्यानंतर, स्कोप सगळ्यात शेवटी. आणि कुठलाही रेग्युलेटर बदलला तरी मागचं कव्हर न लावता सेट दोन तास चालवा आणि तीच लाइन गरम असताना पुन्हा मोजा, गारठ्यात ३.३१ दाखवणारा आणि तापल्यावर ३.० ला येणारा पार्ट तिथेच सापडतो.