रटच्या वीकेंडचं लीज आणि गेलेले 1,800 डॉलर

टेक्सासात हरणाच्या शिकारीसाठी लीज, म्हणजे भाड्याने जमीन, शोधताय? मग पैसे पाठवण्याआधी हे वाचा. खोट्या लीजमध्ये आमचे 1,800 डॉलर गेले: 1,200 डिपॉझिट, 450 'इन्शुरन्स', 150 हरणांसाठीच्या फीडरमधल्या मक्याचे. भारतात शिकारीला बंदी आहे, इथे ती लायसन्स काढून रीतसर होते, तेव्हा 'मुळात गेलातच कशाला' हे कृपया नको.

जाहिरात दक्षिण टेक्सासातल्या कोटुला गावाजवळच्या 600 एकरांची. तीन ब्लाइंड (लपून बसायच्या जागा), आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या वीकेंडला म्हणे 'ऐन रट', म्हणजे हरणांचा मीलनकाळ. खोटेपणा इथेच उघडा पडतो. मध्य टेक्सासातल्या डोंगराळ हिल कंट्रीत नोव्हेंबर बरोबर आहे, पण दक्षिणेच्या त्या झुडपी मुलखात रटचा भर डिसेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत असतो. शिवाय 'याच आठवड्यातला' म्हणून ऑक्टोबरअखेर आलेला ट्रेल कॅमेऱ्याचा फोटो! बकच्या, म्हणजे नराच्या, शिंगांवर अजून मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ कातडी), मान सडपातळ. मखमल सप्टेंबरातच गळते आणि रट जवळ आला की मान फुगते. मागे सीडरची झाडं आणि चुनखडीचे दगड, म्हणजे हिल कंट्री. कोटुलाकडे मेस्किट आणि निवडुंग. खालची तारखेची पट्टी कापलेली. हे सगळं त्या एका फोटोत होतं, आणि आजही तो बघितला की डोकं फिरतं.

पण करारावरचं मालकाचं नाव काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) मालमत्ता नोंदीशी अक्षरशः जुळत होतं. तपासलं होतं आम्ही! ती नोंद ऑनलाइन कुणालाही फुकट दिसते. चोरानेही तिथूनच उचललं. म्हणून नुसतं नाव जुळवून भागत नाही. नोंदीतल्या टपालाच्या पत्त्यावर पत्र टाका, मालकाला स्वतः गाठा. पैसे घेऊन शिकारीला जमीन देणाऱ्याकडे राज्याच्या वन्यजीव खात्याचं लीज लायसन्स लागतं, त्याची प्रत मागा. 'अजून दोघं रांगेत आहेत' ऐकलं की फोन ठेवा.

फाटकाचा चार आकडी कोड मिळाला होता. तिथे जाऊन बघतो तर फाटकाला साखळी आणि किल्लीचं कुलूप, खांबांवर जांभळा रंग. टेक्सासात जांभळा रंग म्हणजे प्रवेशबंदी. बंदूक घेऊन आत शिरला असतात तर गुन्हेगार तुम्हीच.

आणि दाद? बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. घराजवळचं शेरीफ ऑफिस (काउंटीचे पोलिस) म्हणतं, जमीन जिथे आहे तिथे जा. तिथले म्हणतात, पैसे तुमच्या काउंटीतून गेले, तिकडेच तक्रार करा. वर सल्ला, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. 1,800 डॉलरसाठी कोणता वकील उभा राहतो? खोटं नाव, खोटा करार, चोरलेले फोटो, आणि हा दिवाणी मामला! केंद्र सरकारकडे ऑनलाइन तक्रार केली, एक क्रमांक मिळाला, पुढे काही नाही.

डिपॉझिट क्रेडिट कार्डानेच द्या, म्हणजे निदान वाद घालता येतो. पेमेंट ॲपवरच अडून बसणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका. आणि रट गाठायचाय ना, मग जमीन सप्टेंबरातच स्वतः पायाखाली घाला; तेव्हा मालक फाटक उघडायला येत नसेल तर नोव्हेंबरातही येणार नाही.