कुरसुरा पाणबुडी संग्रहालय, विशाखापट्टणम : दिवंगत सहकाऱ्याची जागा पाहताना

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर उभी असलेली ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी बहुतेक पर्यटक समुद्रावर फिरायला आले असताना सहज पाहून जातात. मी हा अभिप्राय लिहीत आहे तो मुख्यतः अशा कुटुंबांसाठी, ज्यांच्या घरातले कोणी पाणबुडीवर नोकरीला होते आणि आता हयात नाही. माझ्याबरोबर याच वर्गाच्या पाणबुडीवर काम केलेला, मूळचा सिंधुदुर्गातला माझा जिवलग मित्र गेल्या वर्षी निवर्तला. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, हे इतकी वर्षं जिथे होते ती जागा मला एकदा दाखवा.” आमची पाणबुडी केव्हाच भंगारात निघाली. भारतीय नौदलाने सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या, ‘फॉक्सट्रॉट’ या वर्गाच्या आठ पाणबुड्यांपैकी लोकांना आत शिरून पाहता येईल अशी कुरसुरा हीच काय ती उरली आहे, आणि आतली मांडणी जवळजवळ आमच्यासारखीच असल्यामुळे मी वहिनींना आणि त्यांच्या मुलाला तिथेच घेऊन गेलो.

कुरसुरा १८ डिसेंबर १९६९ रोजी नौदलात दाखल झाली, १९७१च्या युद्धात ती अरबी समुद्रात होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे संग्रहालय झाले. सुमारे ९१ मीटर लांबीच्या या नळकांड्यात पंचाहत्तरच्या आसपास माणसे राहत असत. ही माहिती कुठेही मिळते. या संग्रहालयाचे खरे मोल मला वाटते ते तिथल्या मार्गदर्शकांमध्ये आहे, कारण ते नौदलातून निवृत्त झालेले लोक आहेत आणि पाठ केलेले बोलण्याऐवजी स्वतः भोगलेले सांगतात.

आम्हाला भेटलेल्या मार्गदर्शकांनी मी कोण हे ओळखल्यावर पहिला प्रश्न विचारला तो वहिनींना : “भाभीजी, साहब किस ब्रांच में थे?” इलेक्ट्रिकल असे उत्तर मिळताच त्यांनी आम्हाला चौथ्या कक्षात थांबवले, पायाखालच्या लोखंडी पत्र्यावर टाच आपटून दाखवली आणि मुलाला म्हणाले, “आपके पिताजी इसके नीचे काम करते थे.” पाणबुडीच्या दुसऱ्या आणि चौथ्या कक्षाखाली बॅटऱ्यांचे खड्डे असतात, माणसाच्या कमरेएवढ्या जेमतेम उंचीचे. तिथे उताणे पडून, सरपटत पुढे जाऊन एकेका सेलमधल्या आम्लाची घनता मोजायची आणि पाण्याची पातळी पाहायची हे माझ्या मित्राचे काम. पाण्याखाली असताना पाणबुडी चालते ती याच बॅटऱ्यांवर, आणि त्या पुन्हा भरण्यासाठी बहुधा रात्री पृष्ठभागाजवळ येऊन, स्नॉर्केलमधून, म्हणजे पाण्याबाहेर काढलेल्या नळीतून, हवा घेत डिझेल इंजिने चालवावी लागतात. त्या वेळी बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपर्यंत गेले तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. माझा मित्र हायड्रोजनचे आकडे स्वतः पाहिल्याशिवाय झोपत नसे, वॉच म्हणजे कामाची पाळी दुसऱ्याची असली तरी. आम्ही वरच्या बंकवर, म्हणजे झोपायच्या अरुंद फळीवर, निवांत पडू शकत होतो ते त्याच्या या सवयीमुळे, हे मी त्याच्या मुलाला त्या पत्र्यावर उभा राहूनच सांगितले. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. वडिलांनी घरी कधी सांगितलेच नव्हते.

शेवटच्या टॉर्पेडो कक्षातले बंकही नीट पाहावेत. टॉर्पेडोंना लागूनच ते बसवलेले आहेत आणि खलाशांची संख्या बंकांहून जास्त असल्यामुळे एकजण वॉचवर गेला की दुसऱ्याने त्याच गरम अंथरुणात शिरायचे, अशी रीत होती. वहिनींनी एका बंकच्या कडेवरून हात फिरवला आणि एवढेच विचारले की यात त्यांचे पाय मावत होते का. मावत नव्हते, कारण तो चांगला सहा फूट उंच होता आणि वर्षानुवर्षे गुडघे मुडपूनच झोपला.

कोणत्याही संग्रहालयाला दाखवता येणार नाहीत अशा काही गोष्टी पाहणाऱ्याने मनाने भरून घ्याव्या लागतात. डिझेलचा वास कपड्यांत, केसांत, पोळीतसुद्धा असे. गोडे पाणी मोजके असल्यामुळे समुद्रात असेपर्यंत अंघोळीचे नावच नसे, आणि पाचव्या कक्षात तिन्ही इंजिने सुरू झाली की शेजारच्याशी खुणेनेच बोलावे लागे. आज तिथे उजेड आहे, स्वच्छता आहे, सावकाश चालायला मोकळा रस्ता आहे. मार्गदर्शकाला वासाबद्दल आणि आवाजाबद्दल आपण होऊन विचारावे. ते मनापासून सांगतात.

कक्षांमधली गोल दारे अरुंद आहेत. एक पाय आत टाकून, डोके वाकवून, मग दुसरा पाय ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी बरोबर हाताला धरायला कोणी तरी न्यावे. वहिनी सगळी दारे ओलांडून गेल्या. सोमवारी संग्रहालय बंद असते, आणि सुट्टीची गर्दी टाळून मधल्या वारी गेल्यास बोलायला अधिक वेळ मिळतो. समोरच नौदलाचे तुपोलेव्ह १४२ हे टेहळणी विमानही ठेवलेले आहे. मुलांना ते आवडेल, पण आधी पाणबुडी पाहावी.

तुमच्या घरातला माणूस कोणत्या शाखेत होता, एवढे निघण्यापूर्वी त्याच्या जुन्या कागदपत्रांतून काढून ठेवा. इंजिनवाला असेल तर पाचवा कक्ष, विजेच्या मोटारींवर असेल तर सहावा, सोनार (आवाजावरून पाण्याखालचा वेध घेणारे यंत्र) किंवा रडारवर असेल तर मधला नियंत्रण कक्ष, असे मार्गदर्शक नेमके त्या जागी नेऊन उभे करतात. माझ्याकडून या सेवेला पैकीच्या पैकी गुण.