अ‍ॅस्ट्रोफोटोच्या प्रोसेसिंगसाठी गेमिंग लॅपटॉप: कामाचं काय, दिखाऊ काय

सोळा इंची गेमिंग लॅपटॉप, आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारचा) एसएसडी आणि ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० कार्ड. गेम एकही टाकलेला नाही, घेतलाय तो फक्त तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो स्टॅक करायला (म्हणजे एकाच जागेचे बरेच फोटो एकावर एक रचून एक स्वच्छ फोटो बनवायला), त्यामुळे फ्रेम रेट वगैरे मला विचारू नका. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, हेच कॉन्फिग बऱ्याच जणांचं मिळतं आणि कुरकुरी पण थोड्याफार सारख्याच आहेत.

लोक आधी ग्राफिक्स कार्ड बघतात, मी म्हणेन आधी फाईलींचा हिशोब बघा. २६ मेगापिक्सेलच्या कलर कॅमेऱ्याची १६ बिटची एक फ्रेम (एक फोटो) ५२ एमबी, ऐकायला काहीच नाही. पण पिक्सइन्साइट या प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यूबीपीपी (स्टॅकिंगच्या सगळ्या पायऱ्या ओळीने करणारी स्क्रिप्ट) लावलं की ती कॅलिब्रेट होऊन (कॅमेऱ्याचे दोष काढून) ३२ बिटमध्ये जाते म्हणजे १०४ एमबी, डीबायर झाली (रंगीत झाली) की तीन चॅनल म्हणून ३१२, आणि रजिस्टर झाली (बाकीच्या फ्रेमशी तारे जुळवले) की परत ३१२ ची वेगळी फाईल. १०० फ्रेमचा ५ जीबीचा डेटा काम संपेपर्यंत ७८ जीबी जागा खाऊन बसतो, आणि हे एका टार्गेटचं झालं. वर दोनपट ड्रिझल (रिझोल्यूशन वाढवणारं स्टॅकिंग) केलं तर शेवटची एकच इमेज सव्वा जीबीची, आणि पिक्सइन्साइट अनडूसाठी प्रत्येक स्टेप डिस्कवर लिहून ठेवतं. त्यामुळे ५१२ जीबीवाला घेऊ नका राव, १ टीबी पण मला पुरत नाहीये. दुसरा एसएसडी बसवायला मोकळा स्लॉट आहे का हे आधी विचारा, माझ्यात आहे आणि या लॅपटॉपची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. अजून एक, पिक्सइन्साइटच्या सेटिंगमध्ये स्वॅपसाठी (या तात्पुरत्या फाईलींसाठी) तेच फोल्डर तीन-चार वेळा टाकून ठेवा, एनव्हीएमई असेल तर वाचणं-लिहिणं समांतर होतं आणि फरक जाणवतो.

रॅम १६ मध्ये पण भागतं, सिरिल हे दुसरं स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर तर निवांत चालतं. पण ड्रिझल, मोझॅक (शेजारशेजारचे फोटो जोडून एक मोठा फोटो) करायचं असेल तर ३२ च घ्या. पातळ मॉडेलमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग नंतर वाढवता येत नाही, तेव्हा घेतानाच ठरवायचं.

ग्राफिक्स कार्डचं खरं सांगायचं तर स्टॅकिंग चालू असताना ते बिचारं रिकामं बसलेलं असतं, सगळा भार सीपीयूवर. कामाला येतं ते ब्लरएक्सटर्मिनेटर (धूसरपणा घालवणारं), स्टारएक्सटर्मिनेटर (फोटोतले तारे काढणारं) अशी एआयवाली टूल चालवताना, तिथे मात्र सीपीयूवर मिनिटं खाणारं काम काही सेकंदात उरकतं. ही टूल वापरणार नसाल तर कार्डाचे पैसे रॅम आणि एसएसडीत घाला.

आता तक्रार. स्टॅकिंग म्हणजे सगळे कोअर तासभर फुल, पहिली काही मिनिटं हा जोरात पळतो मग तापून स्पीड उतरतो आणि पंखा असा घोंघावतो की शेजारी कोणी झोपलेलं असेल तर शिव्या खाल. मागून थोडा उचलून ठेवला की बरं चालतं. दोन मिनिटांच्या बेंचमार्कवर म्हणूनच विश्वास ठेवू नका. ज्यांना शांतता हवी त्यांनी पंखा असलेला मॅकबुक प्रो बघावा, एअरमध्ये पंखाच नाही, लांबलचक कामात तो मंदावतो.

स्क्रीनबद्दल कोणी बोलतच नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारचे पॅनल येतात, एक १०० टक्के एसआरजीबी (नेहमीचे सगळे रंग दाखवणारा) आणि एक ४५ टक्के एनटीएससीवाला (कमी रंग दाखवणारा) फिकट, दुसऱ्यावर तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल रंग विटकरी दिसतो. माझा पहिल्यातला आहे, रंग मस्त, पण खालच्या कोपऱ्यात आयपीएस ग्लो (पॅनलचाच फिकट उजेड) आहे आणि स्ट्रेच केलेल्या (उजळवलेल्या) काळ्या बॅकग्राउंडवर तो हुबेहूब ग्रेडियंटसारखा (फोटोतल्या आकाशाच्या चढत्या उजेडासारखा) दिसतो. ओळखायचं कसं, तर फोटोची विंडो सरकवून बघा, उजेडाचा डाग जागीच राहिला तर स्क्रीनचा, फोटोबरोबर सरकला तर तुमच्या डेटातला. दुकानात असा एखादा गडद फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि डेमो पीसवर उघडून बघा, कंपनीच्या झगमग व्हिडिओत सगळेच पॅनल छान दिसतात.

बॅटरीवर प्रोसेसिंग विसरा, चार्जर लावल्याशिवाय पूर्ण पॉवर मिळत नाही आणि चार्जर म्हणजे वीट आहे नुसती. रात्री टेलिस्कोपजवळ दवात मी हा नेतच नाही, निना (कॅमेरा-टेलिस्कोप चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून फ्रेम गोळा करायला जुना साधा विंडोज लॅपटॉप भरपूर झाला.